खांबाखाली खांब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या माजघरात गोट्या खेळता येत नसत. गोटी कुठूनही सोडली तरी ती घरंगळत मागच्या भिंतीजवळच्या एका खांबापाशी जायची आणि तिथंच थांबायची. आम्हा पोरांना त्यात गंमत वाटायची. दादीला मात्र त्याची काळजी होती, कारण त्याच खांबाच्या वरचं माळवद दर पावसाळ्यात गळायचं. गळतीच्या जागी पांढरी माती टाकून, चोपून झालं, तरी पुढच्या मृगात पाणी पुन्हा तिथंच. शेवटी १९८४ च्या उन्हाळ्यात दादांनी मिस्त्रींना बोलावलं. आम्ही त्यांना मिस्त्रीमामा म्हणायचो. त्यांनी वर पाहिलंच नाही. हातोडीच्या दांड्यानं त्या खांबावर दोन-तीनदा टकटक केलं, कंदील मागितला आणि तळघरात उतरले. वर येऊन म्हणाले, "मियाँसाब, गळतंय वर, पण दुखणं खाली आहे."

त्या वाक्यापासून मला खांबांचा नाद लागला. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पुढे बी. ए. झालो, कविता करू लागलो, जिथं जाईन तिथं मूर्ती आणि शिलालेख पाहायच्या आधी खांब कशावर उभा आहे ते पाहायची सवय लागली. आज थोडं त्याविषयी बोलतो.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं. किल्लारी तिथून पंचवीसएक किलोमीटर. या भागात जुन्या घराची मोजदाद खोल्यांत नाही, खणांत होते. किती खणांचं घर, असं विचारतात. लाकडी खांब, त्यांच्यावर आडवी तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच्या आणि वर मातीचं माळवद. दोन खांबांच्या ओळींमधली जागा म्हणजे खण. भोवतीची दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत पाहून वाटतं, घर तिच्यावरच उभं आहे. चांगल्या घरात तसं नसतं. भिंतीच्या आतल्या अंगालाही लाकडाचे खांब असतात आणि छताचा भार त्यांच्यावर असतो. भिंत असते ती ऊन, वारा, चोर यांना अडवायला.

हा भार किती, ते सांगितलं तर खरं वाटत नाही. माळवदाला दरवर्षी पावसाआधी नवा थर द्यायचा. ही माती पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची. ती पाणी धरून ठेवत नाही. पण जुना थर काढायला कुणाला सवड? वर्षावर वर्षं थर चढतात आणि दोन पिढ्यांत माळवद दीड-दोन फूट जाड होतं. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहतं, म्हणून आपण खूश. एक घनमीटर ओली माती दीड-पावणेदोन टन भरते. म्हणजे दोन फूट जाड माळवदाच्या दर चौरस मीटरमागे खांबांना टनभर ओझं पेलावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ टन. आपण त्याखाली झोपतो, लग्नं लावतो, पोरं वाढवतो.

मराठीत शुभकार्याच्या प्रारंभाला मुहूर्तमेढ म्हणतात. मेढ म्हणजे खांबच. आता पुलाची आणि साखर कारखान्याचीही मुहूर्तमेढ रोवली जाते आणि तिथं लाकडाची काडीसुद्धा नसते, पण शब्द उभा आहे. अरबीत खांबाला रुक्न म्हणतात. त्याचं अनेकवचन अरकान. इस्लामची पाच कर्तव्यं म्हणजे पाच अरकान, हे आम्हाला मदरशात पहिल्या वर्षी पाठ करायला लागलं. पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या माजघरातले खांबच यायचे.

मदिनेच्या मशिदीच्या खांबांची हकीकत हदीसच्या ग्रंथांत आहे. प्रेषितांच्या हयातीत ती मशीद कच्च्या विटांची होती, छत खजुरीच्या झावळ्यांचं आणि खांब खजुरीच्या बुंध्यांचे. प्रेषित त्यातल्या एका बुंध्याला टेकून प्रवचन करीत. पुढे त्यांच्यासाठी मिंबर, म्हणजे पायऱ्यांचं व्यासपीठ, तयार झालं, आणि ते त्यावर उभे राहू लागले तेव्हा तो बुंधा रडू लागला, अशी कथा आहे. प्रेषितांनी खाली उतरून त्याच्यावर हात ठेवला तेव्हा तो शांत झाला. दादी ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही खांबाला कान लावून बसायचो. पण मला त्यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. दुसरे खलिफा उमर यांनी मशीद वाढवली तेव्हा तिची घडण पहिल्यासारखीच ठेवली, खांब मात्र नवे लाकडी घातले. तिसरे खलिफा उस्मान यांनी हिजरी २९, म्हणजे इसवी सन ६४९-५० च्या सुमारास, खांब घडीव दगडाचे केले आणि छताला लाकूड वापरलं सागवानी. अरबीत त्याला साज म्हणतात. आपला साग आणि त्यांचा साज एकाच घरातले शब्द आहेत, असं अभ्यासक मानतात. अरबस्तानात साग उगवत नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात बारीगाझाहून, म्हणजे आजच्या भडोचहून, इराणच्या आखाताकडे इमारती लाकूड जात असल्याची नोंद आहे. म्हणजे इस्लामच्या सहाशे वर्षं आधीपासून आपल्या बाजूचं लाकूड तिकडची छपरं धरत होतं.

उलटा प्रवासही झाला. वाड्यांतल्या नक्षीदार खांबांना आपण सुरूचे खांब म्हणतो. बुंध्याशी फुगीर, वर निमुळते. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या बाजीरावानं बांधलेल्या विश्रामबागवाड्यात ते आजही पाहता येतात. सुरू म्हणजे फारसीतला सर्व, तो सरळसोट वृक्ष. फारसी-उर्दू गझलेत प्रेयसीच्या बांध्याला शेकडो वर्षं त्याचीच उपमा दिली आहे. मोगलांच्या इमारतींत तो दगडात आला, पेशव्यांच्या वाड्यात सागवानात आला आणि आमच्यासारख्या अडत्याच्या घरात बाभळीत. आमच्या सुताराला गझल ठाऊक नव्हती, पण सुरूचं माप त्याच्या हातात होतं.

आता तळघराकडे येतो. घर १९३६ च्या सुमाराचं, निजामाच्या राजवटीतलं. माजघराखाली ज्वारी आणि सरकी ठेवायला तळघर. माजघराची जमीन म्हणजे तळघराचं छत, तेही कड्यांवर आणि फळ्यांवर. वरच्या माजघरातला खांब जिथं, बरोबर त्याच्याखाली तळघरात दुसरा खांब, मधे फक्त तुळई. जुन्या सुतारांचा हा नेम होता: खांबाखाली खांब. माळवदाचं ओझं तुळईला वाकवत न बसता सरळ जमिनीत जायला हवं. खालचा खांब खचला तर वरचा त्याच्याबरोबर खचतो, त्यावरची तुळई खचते, माळवदाला बशीसारखा खड्डा पडतो, त्यात पाणी साचतं आणि दादीच्या गादीवर गळतं. गोटी तिथं का थांबायची, ते आता कळलं.

पण खांब सडला का? प्रत्येक खांबाखाली उथळा असतो, म्हणजे घडीव दगडाची बैठक. तो शोभेसाठी नसतो. लाकडाचा मातीला स्पर्श होऊ नये म्हणून असतो. ओल आणि वाळवी दोन्ही जमिनीतून येतात. शनिवारवाड्याच्या आत गेलात तर चौथऱ्यांवर अशा दगडी बैठका दिसतील. १७३२ साली ज्याची वास्तुशांत झाली त्या वाड्याचं लाकूड १८२८ च्या आगीत जळून गेलं, दगड तेवढे राहिले. आमच्या तळघरात उलट झालं होतं. कधीतरी जमीन ओलसर लागते म्हणून कुणीतरी तिथं वीतभर मुरूम आणि माती टाकून ती उंच केली. उथळा पुरला गेला. खांब मातीत आला. शेजारून न्हाणीचं पाणी झिरपत होतं. वरून खांब धडधाकट, तेल लावलेला, आणि खाली हातभर भागात मिस्त्रीमामांची पटाशी नुसत्या दाबानं मुठीपर्यंत आत गेली.

काम तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी माती खणून उथळा मोकळा केला. मग खांबाच्या दोन्ही बाजूंना, तुळईखाली, बाभळीचे दोन टेकू उभे केले. टेकूखाली जाड फळ्या, भार एका जागी रुतू नये म्हणून. फळी आणि टेकू यांच्यामध्ये समोरासमोरून दोन-दोन पाचरी. मग ठोकायला सुरुवात. एक ठोका उजवीकडे, एक डावीकडे, आणि थांबायचं. वर दादी माळवदाच्या खाली बसून कुठं माती झरते का ते सांगायची. सकाळी चार ठोके, दुपारी चार ठोके. बाकी वेळ मिस्त्रीमामा विड्या ओढत कान देऊन बसलेले. दादांना घाई. तुळई पहिल्यासारखी सरळ करा, ओळंब्यात आणा, असा त्यांचा हट्ट. मिस्त्री म्हणाले, "मियाँसाब, घर बसायला पन्नास वर्षं लागली, आणि तीन दिवसांत उठवता? वर माळवद फुटंल." जुना खांब सैल झाला, त्याच्या आणि तुळईच्या मधून करवतीचं पातं फिरेल एवढी फट दिसली, की त्यांनी ठोकणं थांबवलं. गेलेली उंची ते परत मागत नव्हते. जिथं घर आज आहे तिथं त्याला धरायचं, एवढंच.

नवा खांब नवा नव्हताच. गावातल्या एका पडक्या वाड्याची सागवानी तुळई दादांनी विकत घेतली होती. ताजं लाकूड वाळताना आकसतं आणि मग सगळा खटाटोप वाया. खालच्या तोंडाला मिस्त्रींनी बिब्ब्याचं तेल दिलं. ते उतू नये म्हणून आम्हाला लांब हाकललं, तरी माझ्या धाकट्या भावाच्या हातावर फोड आलेच. खांब दोन सूत लांब कापला होता. तो मोगरीनं हळूहळू सरकवत उथळ्यावर उभा केला, ओळंबा धरला आणि मग टेकूच्या पाचरी आल्या तशा, उलट क्रमानं, एकेक ठोक्यानं सैल केल्या. भार नव्या खांबावर आला तेव्हा लाकूड करकरलं. दादीनं बिस्मिल्लाह म्हटलं, मिस्त्रींनी हात जोडले. टेकू मात्र त्यांनी आठ दिवस नेले नाहीत. जुन्या खांबाच्या वरच्या, शाबूत भागातून त्यांनी दादीसाठी कुराण ठेवायची रेहल कोरून दिली, एकाच फळकुटातून, एकही खिळा नसलेली. तिचे पैसे घेतले नाहीत.

मुंबईत माझे एक नातेवाईक नळबाजारात राहायचे. त्यांच्या इमारतीतही खाली असेच टेकू होते, पण आठ दिवसांचे नव्हेत. मी १९८८ मध्ये गेलो तेव्हा होते आणि पुढे जेव्हा जेव्हा गेलो तेव्हाही होते. मुलं त्यांना धरून लपंडाव खेळायची, कुणी त्यावर सायकल साखळीनं बांधायचं. सागवानी सांगाडा आणि मधे विटा अशा त्या चाळी. न्हाणीच्या कोपऱ्यातले खांब आधी सडायचे. भाडी १९४० च्या पातळीवर गोठलेली, मालक खर्च करीना, भाडेकरू म्हणणार घर माझं नाही. १९६९ साली दुरुस्तीसाठी कायदा झाला, उपकर बसला, आणि त्याखाली १९,६४२ इमारती आल्या. कित्येकांना लोखंडी गर्डर मिळाले, कित्येकांना फक्त टेकू. टेकू हा शब्द तात्पुरत्या आधाराचा, पण मुंबईनं त्याला कायमचा पत्ता दिला. असो.

१९८९ मध्ये आमच्या घरी दुसरा खांब निघाला. दादा तोवर गेले होते. चाचांना लाऊडस्पीकरचं दुकान काढायचं होतं आणि रस्त्याकडच्या खणात शटर बसवायचं होतं. हातगाडी आत जायची तर मधला खांब आड यायचा. अब्बांनी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बदलून देतो. काढून देत नाही." अब्बांना राग आला. त्यांनी दुसरीकडून एक ठेकेदार आणला. त्यानं रेल्वेच्या रुळाचा एक लांब तुकडा खांबाच्या जागी आडवा टाकला, दोन्ही टोकं दगडी भिंतीत बसवली आणि खांब कापून काढला. काम एका दिवसात झालं. दुकान ऐसपैस झालं. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. चाचा विसर्जनाच्या मिरवणुकीहून स्पीकर घेऊन दीडच्या सुमाराला परतले, सामान दुकानात टाकलं आणि थकून तिथंच झोपले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. मी लातूरला होतो. किल्लारी, सास्तूर, होळी, कितीतरी गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली बहुतेक भूकंपानं नव्हे, घरांनी मारली. आमच्या भिंती म्हणजे आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन पदर आणि मधे माती नि चिपा. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. हादऱ्यानं पदर फुगले आणि ढासळले. जिथं छत थेट भिंतीवर होतं तिथं टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. पण पुष्कळ घरांत, आणि हे पुढे अभियंत्यांनीही नोंदवलं, भिंती पडल्या आणि लाकडाचा सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला. अंगणातून पाहिलं तर घराचे कपडे उतरवल्यासारखं दिसायचं. आत चूल, उतरंड, फळीवरचे डबे जागच्या जागी.

आमचं घर असंच उभं होतं. मागची भिंत बाहेर पडली होती. दादी माजघरात, त्या खांबापासून चार हातांवर झोपली होती. तिला खरचटलंही नव्हतं. रस्त्याकडची भिंतही पडली. तिच्यात बसवलेला रूळ तिच्याबरोबर आला, रुळावरची तुळई आली, आणि तो एक खण माळवदासकट खाली बसला. बाकी एकही नाही. चाचा तिथं होते.

पुढे या भागात मोठं पुनर्वसन झालं. पन्नासेक गावं नव्या जागी वसली. कमी पडझड झालेल्या गावांत लाखोंच्या घरांत दुरुस्तीची कामं निघाली, आणि त्यांत सांगितलं जायचं ते साधंच होतं. माळवद पातळ करा. भिंतीत आरपार दगड घाला. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरपे आधार ठोका, कारण आमच्या खांबांचा कमकुवतपणा तोच. ते सरळ खाली येणारं ओझं शंभर वर्षं पेलतील, पण आडवा धक्का बसला तर सांध्यातून निसटतील. लोकांचं मन मात्र लाकूड-मातीवरून उडालं होतं. मी कुणाला दोष देत नाही. ज्याच्या अंगावर छप्पर पडलं त्याला वास्तुशास्त्राचा इतिहास सांगू नये. जिकडेतिकडे पत्रा आणि सिमेंट आलं. शाबूत राहिलेले सुरूचे खांब, हस्त, चौकटी ट्रकमध्ये भरून जाताना मी पाहिल्या आहेत. मोठ्या शहरांतल्या उपाहारगृहांत ते आता शोभेला उभे असतात, डोक्यावर काही नसताना. आमचं घर आम्ही २००४ मध्ये उतरवलं. अब्बा २०११ मध्ये गेले. त्या दुकानाच्या खणाबद्दल ते मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि आम्ही विचारला नाही.

मी त्या दिवशी दुपारी गावात पोचलो. चाचांना दफन करून आलो तेव्हा पाऊस लागला होता. तो पुढे थांबेचना. माळवद भिजून जड होत होतं आणि भिंती नसल्यानं सांगाडा एका अंगाला कललेला. दादीची पेटी, कागदपत्रं, धान्य सगळं आत. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीमामा सायकलवर आले. त्यांचंही घर पडलं होतं. हत्यारांची पिशवी हँडलला आणि मागे दोरीनं बांधलेले बाभळीचे तुकडे. अब्बा ओट्याच्या दगडावर बसले होते. मिस्त्री त्यांच्याशी काही बोलले नाहीत. कंदील मागितला, तळघरात उतरले. मी त्यांच्या मागून गेलो. १९८४ चा तो खांब उभा होता, पण उथळ्यावरून दोन बोटं सरकलेला. त्यांनी ओळंबा धरला, बराच वेळ पाहत राहिले, आणि वर तोंड करून हाक मारली, "मालक, जरा खाली या. टेकू धरायला माणूस पायजे."

अब्बा उठले, चपला काढल्या आणि खाली आले. त्यांनी दोन्ही हातांनी टेकू धरला. मिस्त्रींनी पाचर लावली आणि पहिला ठोका मारला.